चार ओहमचे दोन स्पीकर

घशाचं ऑपरेशन झालं आणि सासऱ्यांचा आवाज बसला तो बसलाच. खेडजवळच्या आमच्या गावात सप्ताहाचा पहिला अभंग कायम तेच घेत आलेले. म्हणून मी त्यांच्यासाठी छोटा अ‍ॅम्प्लिफायर बनवला. लग्नाआधी मी आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्स केलंय. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात सर्किट बसवलं, माइक आणि आठ ओहमचा स्पीकर जोडला. ते ओटीवर गुणगुणले तरी परसात सासूबाईंना ऐकू जायचं.

सप्ताहाला मुंबईहून दीर आले ते दोन मोठे स्पीकर घेऊनच. दोन्हींच्या पाठीवर चार ओहम लिहिलेलं. दोन्हींच्या वायरी एकत्र पिळून ते माझ्या डब्याला जोडायला लागले.

"भावोजी, असं नको," मी म्हटलं. "असे जोडलेत तर दोनच ओहम होतील. ओहम जेवढे कमी, तेवढा अ‍ॅम्प्लिफायरवर भार जास्त. माझा डबा चारच्या खाली टिकायचा नाही."

"वहिनी, मुंबईत मी डीजेवाल्यांत वावरतो. तुम्ही प्रसादाचं बघा."

चारचौघं हसले. मी देवळामागे शिरा ढवळायला गेले. आतून सासऱ्यांचा आवाज दणदणीत आला, मग खरखर, मग काहीच नाही. धावत गेले तर डब्यातून जळका वास. आवाज वाढवणारी चिप, ती आयसी, इतकी तापलेली की बोट लावता येईना. आणि सासरे डोळे मिटून गातच होते. नुसते ओठ हलत होते. समोर लोकांच्या गप्पा सुरू झालेल्या. कुणीतरी जांभई दिली.

"घरी बनवलेली वस्तू," दीर सगळ्यांना सांगत होते, "किती टिकणार?"

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. पण सासऱ्यांनी डोळे उघडले नव्हते, म्हणून मी आधी डब्याच्या वायरी काढल्या.

डबा उचलून घरी आणला. दुसरी आयसी होती, ती बसवली. देवळात परत जाऊन त्या पिळलेल्या वायरी सोडवल्या आणि स्पीकर एकामागे एक जोडले. चार नि चार, आठ. आवाज थोडा कमी, पण स्वच्छ. संध्याकाळी सासऱ्यांनी अभंग पुन्हा पहिल्यापासून घेतला. बाहेर पायऱ्यांवर बसलेली माणसं उठून आत आली.

अभंग संपला तसे दीर म्हणाले, "मुंबईच्या स्पीकरची गोष्टच वेगळी!"

"स्पीकर तुमचेच, भावोजी," मी सगळ्यांदेखत म्हटलं. "दुपारी डबा जाळलात तोही तुम्हीच. नको म्हणून सांगितलेलं. आता मामंजींना सांगा तसं."

दीर चपला शोधायला लागले. सासूबाईंनी माझा हात दाबला, "पुरे गो. पुरुषमाणसाला चारचौघांत असं बोलू नये."

चारचौघांत बाईमाणसाला कसं बोलावं, ते मात्र दिरांना कुणी सांगितलं नाही. सासऱ्यांनी माइक जवळ ओढला आणि त्या फाटक्या आवाजात म्हणाले, "सूनबाय, जरा वाढव." मी आवाज वाढवला.