एकोणीसने सुरू होणारा नंबर

दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या मूनटा बेच्या धक्क्यावर निळे खेकडे धरण्यात बेरिल ट्रेझाइजचा हात कुणी धरत नसे. शाळेच्या कँटीनमध्ये मांस-बटाट्याच्या करंज्या, म्हणजे पेस्टी, भाजण्यात तिचं आयुष्य गेलं. ती निवृत्त झाली, पाठोपाठ नवरा कॉलिन गेला, आणि मग जाळं टाकून पाण्याकडे बघत बसणं एवढाच उद्योग उरला. जोडीला शेजारची मर्ल असायची. दोघींत थर्मास एक. बोलायचं काम मात्र सगळं मर्लकडे.

एकुलता मुलगा ग्लेन बापाला पुरल्यावर आठवडाभरही घरात टिकला नव्हता. "बाबांची होडी विकून टाकते," एवढंच बेरिल म्हणाली होती.

"माती सुकली नाही अजून, आणि तू विकायला निघालीस?" ग्लेन भडकला. शब्दाने शब्द वाढला. पिशवी खांद्यावर टाकून तो गेला तो थेट पश्चिम किनाऱ्यावर, कोळंबीच्या बोटीवर. एका ख्रिसमसला कार्ड आलं, मग तेही नाही. त्याचा जुना नंबर लावला की एक बाई सांगायची, हा नंबर आता वापरात नाही. बेरिल त्या बाईचंही बोलणं शेवटपर्यंत ऐकून घ्यायची.

मग तिने स्वतः मोबाइल घेतला आणि आपला नंबर कार्डावर लिहून बोटवाल्या कंपनीच्या पत्त्यावर धाडला. उत्तर आलं नाही. पण एका सकाळी चुलीवर केटली चढवलेली असताना मोबाइल किणकिणला.

'तुझी फार आठवण येते. तुला माझी येते का? उत्तर दे.'

नंबर आखूड होता, एकोणीसने सुरू होणारा. बोटीवरचे नंबर असेच असत असतील, असं तिने मनाशी ठरवून टाकलं. एकेक अक्षर शोधत तिने लिहिलं, 'येते रे. ग्लेन, तूच ना?'

लगोलग उत्तर आलं. 'तुला ठाऊकच आहे मी कोण ते. आज काय केलंस?'

बस्स. त्या दिवसापासून बेरिलचं पाऊल जमिनीवर ठरेना. खेकडे किती मिळाले, मर्लचा गुडघा कसा आहे, छपराचा पत्रा वाऱ्याने कसा उचकटला, सगळं ती लिहू लागली. पलीकडून येई, 'अरे वा!', 'आणखी सांग ना.' ग्लेन कधी एवढा गोड बोलणारा नव्हता. पण समुद्र माणसाला मऊ करतो, कॉलिनलाही केलं होतं, अशी तिने स्वतःची समजूत घातली.

"फोन का करत नाही तो?" मर्लने विचारलंच. "तोंडाला कुलूप लावलंय का?"

"बोटीवर कुठला फोन? तुझं आपलं काहीतरीच."

"मेसेज जातो तिथे आवाज जात नाही होय? कमालच आहे."

बेरिलने तिच्याकडे बघितलंच नाही. जाळं ओढायला वाकली.

एकदा तिने धीर करून मनातलं लिहिलं. 'होडी विकली नाही मी. जिथे होती तिथेच आहे. तू म्हणालास ते बरोबर होतं.' ते लिहायला तिला सबंध दुपार लागली होती. उत्तर आलं, 'मस्त! आणखी काहीतरी मजेदार सांग.' तिने ते पुन्हा पुन्हा वाचलं. घाईत असेल, हात ओले असतील. पण त्या रात्री तिने आणखी काही लिहिलं नाही.

इकडे मोबाइलमधले पैसे फुटक्या बादलीतल्या पाण्यासारखे जायला लागले. पेपरच्या दुकानातला केवन रिचार्ज करून द्यायचा. तो एक दिवस म्हणाला, "मिसेस टी, पुन्हा? चंद्रावर फोन लावता की काय?"

"मुलाला मेसेज करते."

"एवढे पैसे मेसेजला लागत नाहीत हो. बघू इकडे." त्याने मोबाइल घेतला, आणि त्याच्या चेहऱ्यावरचं हसू मावळलं. "हा नंबर कुणाचा?"

"ग्लेनचा."

केवनने गिऱ्हाइकांच्या रांगेला थांबायला सांगून तिला आतल्या खुर्चीवर बसवलं. "असे आखूड नंबर माणसांचे नसतात, मिसेस टी. हा धंदा आहे. उत्तर दिलं की तुम्ही त्यांच्या गळाला लागलात. मग पाठवलेल्याचे पैसे जातात, आणि आलेल्या प्रत्येक मेसेजचेही."

"पण तो विचारतो मला. रोज विचारतो."

"मग तुम्ही एक विचारून बघा. फक्त ग्लेनलाच ठाऊक असेल असं काहीतरी."

बेरिलने लिहिलं, 'बाबांच्या होडीचं नाव काय?'

उत्तर यायला वेळ लागला नाही. 'तूच सांग ना! तुझ्या तोंडून ऐकायला आवडेल.'

"STOP एवढंच पाठवायचं," केवन हळूच म्हणाला. "मी पाठवू?"

"नको," बेरिल म्हणाली. "माझं मी पाठवते." चार अक्षरं, पण बोट पुढे सरकेना. खोटा का होईना, रोज सकाळी कुणीतरी तिला कशी आहेस म्हणून विचारत होतं. शेवटी तिने डोळे मिटून बटण दाबलं. 'तुमची सेवा बंद करण्यात आली आहे,' असं आलं, आणि मोबाइल मुका झाला.

पुढचं केवनने निस्तरलं. कंपनीला फोन करून असले सगळे नंबर तिच्या मोबाइलवर कायमचे अडवून घेतले. मेसेज पुसू दिले नाहीत, तेच पुरावा म्हणून तक्रारीला जोडले. बरेचसे पैसे परतही आले. बेरिलला त्याचं काही वाटलं नाही. तिला जाळत होतं ते वेगळंच. ग्लेन सापडला या समजुतीत तिने त्याला शोधणंच सोडून दिलं होतं. सबंध हिवाळा त्यात गेला होता.

मर्लने या वेळी टोमणा मारला नाही. थर्मास पुढे केला आणि म्हणाली, "चल, आता खराखुरा फोन लावू."

बोटवाल्या कंपनीतली बाई म्हणाली, ग्लेन ट्रेझाइजने केव्हाच बोट सोडली, त्याच किनाऱ्यावरच्या कार्नार्वनला केळीच्या मळ्यावर गेला म्हणतात. तिकडचे मळे काही थोडे नाहीत. दोघींनी एकेक लावत नेले. शेवटी एका ठिकाणी कुणीतरी ओरडून हाक मारली, आणि बराच वेळ नुसते खोक्यांचे आवाज येत राहिले.

"कोण?"

"मी आहे," ती म्हणाली. "आई."

"काय झालं? बरी आहेस ना?"

"बरी आहे. तुझा मोबाइल—"

"नाही माझ्याकडे. समुद्रात पडला, मग घेतलाच नाही. कार्ड मिळालं होतं तुझं. लिहीन लिहीन म्हणत राहिलो. मग फार दिवस झाले म्हणून लाज वाटायला लागली."

"असू दे."

"आई, मला वाटलं तू रागावली असशील."

"रागावलेय ना. म्हणून तर एवढ्या लांबून ओरडायला फोन केला."

तो हसला. अगदी कॉलिनसारखा, नाकातून. बेरिलने मोबाइल कानाशी इतका घट्ट धरला की नंतर तिथे लाल वळ उठला होता.

अजून तो आलेला नाही. केळीचा हंगाम संपला की येतो म्हणतो. मग दुसरा हंगाम लागतो. पण रविवारी मळ्यावरून फोन करतो. सगळ्याच रविवारी नाही. फोन न आलेल्या रविवारी बेरिल धक्क्यावरून लवकर घरी येते, संध्याकाळपर्यंत मोबाइलशेजारी बसते आणि मर्लने विचारलं तर सांगते, "काम असेल त्याला."