बर्फाच्या पावसात शेजारीण घरी आणली

माझी बायको नागपूरची, कूलरसमोर बसून उन्हाळे काढलेली. अमेरिकेत, श्रूजबरीतला पहिला हिवाळा तिने खिडकीतून नुसता बघितला. दुसऱ्या वर्षापासून मात्र झाडांची पानं गळायला लागली, की ती तयारीला लागायची. पाण्याचे कॅन, टॉर्चचे सेल, फायरप्लेससाठी लाकडं, बर्फ वितळवायला पायऱ्यांवर टाकायचं मीठ, घसरू नये म्हणून बुटांना लावायचे खिळ्यांचे पट्टे, सगळं जागच्या जागी असायचं.

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी पाऊस पडत होता आणि पडेल तिथे गोठत होता. लेकीची शाळा बंद होती, मी घरूनच काम करत होतो. मागच्या बाजूला झाड मोडल्याचा आवाज आला आणि वीज गेली. विजेशिवाय आमचं हीटिंगही चालत नाही. मी वीज कंपनीला फोन लावत होतो, तोवर ही बुटांना पट्टे चढवू लागली.

"कुठे निघालीस?"

"शेजारी. त्यांचं ऑक्सिजनचं मशीन बंद पडलं असेल."

शेजारच्या बाई वयस्कर, एकट्या राहणाऱ्या. त्यांचं मोठं मशीन विजेवर चालतं. शिवाय खांद्याला अडकवायचं छोटं मशीन आहे, ते बॅटरीवर थोडा वेळ चालतं, जादा बॅटरी गाडीत चार्ज करता येते. हे सगळं हिने त्यांच्याकडे चहाला गेली असताना विचारून ठेवलं होतं, आणि वीज गेली तर आमच्याकडे यायचं हेही ठरवून टाकलं होतं. मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

मी पुढे मीठ टाकत गेलो. बाई कोट घालून, बॅग भरून खुर्चीत बसल्या होत्या. छोटं मशीन चालू होतं.

"तुम्हाला उगाच त्रास," त्या म्हणाल्या.

"त्रास कसला? खिचडी करतेय. तिखट कमी घालते," ही म्हणाली.

दोघींनी एकमेकींचा हात धरून तेवढंसं अंतर अगदी सावकाश पार केलं. घरी पोचताच हिने मला जादा बॅटरी देऊन गाडीकडे पिटाळलं. "गॅरेजमधून बाहेर काढ, आत चालू ठेवू नकोस. धूर घरात यायला नको."

मी ड्राइव्हवेवर गाडीत बसून राहिलो. खिडकीतून फायरप्लेसचा उजेड दिसत होता, आणि बाईंच्या पायांवर गोधडी नीट करणारी ही. आपण हिला ओळखतो असं मी इतकी वर्षं धरून चाललो होतो.

गॅस काडीने पेटवून खिचडी झाली. जेवण्याआधी बाई म्हणाल्या, प्रत्येकाने आज कशाबद्दल आभार मानायचे ते सांगा. लेक म्हणाली, "फॉर पापड." सगळे हसलो. हिची पाळी आली तेव्हा ही बाईंकडे बघत म्हणाली, "तुम्ही मशीनबद्दल सगळं खरं सांगितलंत, काही लपवलं नाहीत, त्याबद्दल." बाईंनी हिचा हात बराच वेळ धरून ठेवला.

रात्रभर मी बॅटऱ्या आळीपाळीने गाडीत चार्ज करत राहिलो. दुसऱ्या दिवशी दुपारी वीज आली. आम्ही बाईंना घरी पोचवलं. मोठं मशीन सुरू होऊन त्यांचा श्वास संथ झाल्याशिवाय ही तिथून हलली नाही.

परत येताना म्हणाली, "मला काल फार भीती वाटत होती."

"दिसली नाही."

"बॅटरी संपली असती तर?"

मी तिचा हात धरला. रस्ता अजून निसरडाच होता.