चांदीची वायर आणि वसुधाचे कान

हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. वसुधाला तर नाहीच—आणि सांगायला हवं होतं ते तिलाच.

विमा कंपनीने जयपूरला बदली केली, आम्ही खातीपुऱ्यात राहायला आलो आणि मला हेडफोनचं वेड लागलं. आधी नुसता हेडफोन. मग छोटा अ‍ॅम्प्लिफायर. मग चांदीची वायर. तिने आवाज उजळतो, असं ऑफिसातले माथुरजी म्हणायचे. मीही म्हणायला लागलो. खरंच उजळायचा का? मला तसं वाटायचं—वाटून घ्यायचो म्हणा.

एका रविवारी माथुरजी घरी आले. आम्ही वसुधाला हेडफोन लावायला दिला—एकदा साध्या वायरीने, एकदा चांदीच्या. माझी बायको कॉलनीतल्या मुलांना गाणं शिकवते. तंबोरा कानाने लावते—लावायची. तिने डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाली, "अहो, दोन्ही सारखंच आहे की."

माथुरजी हसले. ते मला झोंबलं. मी मुद्दाम हिंदीत बोललो, त्यांनाही कळावं म्हणून—"इसके कान अभी तैयार नहीं हैं।"

ती चहा टाकायला आत गेली.

त्यानंतर काही दिवसांनी मी ऑफिसातून येऊन ऐकत बसलो होतो. काय तो आवाज! गाणारीचा श्वाससुद्धा कळतोय, म्हणून मी खूश. सहज वायरीवर हात गेला. जाड, काळी, रबरी—साधी वायर! चांदीची तर माथुरजींनी ऐकायला नेली होती.

वसुधा स्वयंपाकघरात होती. जाऊन फक्त म्हणायचं होतं, तुझं बरोबर होतं. का नाही गेलो? चिडलो होतो—वायरीवर, माथुरजींवर, आणि सांगायला लाज वाटते, तिच्यावरसुद्धा. माझं खोटं तिने किती सहज ओळखलं होतं!

तोवर तिने मोबाइलवर सूर दाखवणारं अ‍ॅप घेतलं होतं. मुलांच्या आयांना हसत सांगायची, "माझ्या कानांचा काही भरवसा नाही हो." मी ते दारातून ऐकायचो आणि आत वळायचो. आता तर अ‍ॅपवरही तिचा विश्वास उरला नाही. तंबोरा लावताना मला हाक मारते.

आज सकाळी मारली. "अहो, जरा बघता का? लागलाय का नीट?"

मला काय कळणार? तरी मी मान तिरकी करून ऐकल्यासारखं केलं आणि म्हणालो, "किंचित चढव."

तिने चढवला.