त्सेवेलमाची होडी

मंगोलियातल्या आमच्या खोव्सगोल सरोवराच्या पाण्याचे नमुने एकोणीस उन्हाळे त्सेवेलमानं आणले, आणि हातगल गावच्या प्रयोगशाळेत मी ते तपासले. पाण्यावर होडी घालायची परवानगी तिला एकटीलाच. बाटली बुडवायची जागाही ठरलेली. तिथेच तीन वर्षांपूर्वी, गोठलेलं सरोवर ओलांडताना एप्रिलच्या कच्च्या बर्फात, तिचा नवरा दामदिन ट्रकसकट खाली गेला. हाती काहीच लागलं नाही.

त्याच उन्हाळ्यापासून आमचे प्रदूषणाचे आकडे चढायला लागले. जनावरांचं शेण पाण्यात जातंय, असं सरोवराची देखरेख करणाऱ्या सरकारी कचेरीनं ठरवलं आणि गुराख्यांच्या अकरा तंबूंना काठ सोडायचा हुकूम काढला. त्यातला एक तंबू त्सेवेलमाच्या धाकट्या बहिणीचा. आकडे माझे, म्हणून शिव्याही मलाच.

"शेणात असं काय विष असतं गं?" बाटल्या ठेवता ठेवता त्सेवेलमा माझ्यावर खेकसली.

"विष कसलं, ताई! फॉस्फरस. हाडांत असतो, शेणात असतो, दुधातसुद्धा असतो. आपल्या पाण्यात तो नावालाच आहे, म्हणून तर ते इतकं नितळ. जास्त झाला की शेवाळ माजतं."

तिनं हातातली बाटली खाली ठेवली. "दुधात?"

मग सगळं बाहेर आलं. सरोवर म्हणजे आमची आई. तिला दूध दिल्याशिवाय तिच्याकडून काही घ्यायचं नाही, हा रिवाज. आम्ही सगळे काठावरूनच चमचाभर शिंपडतो. पण दामदिन गेल्यापासून ही बाई याकच्या दुधाची किटली होडीत न्यायची, तो गेला तिथेच रिकामी करायची, आणि मगच बाटली बुडवायची.

"अगं बये, मला सांगायचंस तरी!" मी ओरडलेच.

"तू विचारलंस कधी?"

नव्हतंच विचारलं. माझी मलाच लाज वाटली. "ताई, गप्प राहा. होडी काढून घेतील. मग तिथे जाता येणार नाही तुला."

"आणि बहिणीचं बिऱ्हाड उठू देऊ? तिला तोंड कसं दाखवू?"

दुसऱ्याच दिवशी ती कचेरीच्या साहेबांना होडीत घालून घेऊन गेली. दूध ओतण्याआधीची एक बाटली, नंतरची एक. मी दोन्ही तपासल्या; आकडा फक्त नंतरच्या बाटलीतच चढलेला होता. हुकूम मागे घेतला गेला. होडीही गेली.

आता नमुने मीच आणते. पहिल्यांदा निघाले तेव्हा ती धक्क्यावर येऊन उभी होती.

"मी ओतलेल्या दुधाचं काय झालं गं?"

"बारीक जीव असतात, ताई, डोळ्यांना न दिसणारे. त्यांनी खाल्लं. त्यांना जरा मोठे जीव खातात आणि अंगातलं पाण्यात सोडतात, की बारीक जीव पुन्हा झडप घालतात. तोच कण वरच्या पाण्यातच फिरत राहतो."

"म्हणजे खाली त्याला पोचलंच नाही?"

तिच्याशी खोटं बोलवेना. "थोडं थोडं पोचतं. मेलेल्या जीवांबरोबर, कण कण करून."

"किती दिवस चालेल हे?"

"तू नि मी नसू, तरी चालूच असेल."

तिनं डोळे पुसले. "मग जेवेल तो," म्हणाली, आणि माझी होडी पाण्यात ढकलली.