चौदा नंबरचा हिरवा ठिपका

नेल्सो ब्रुसा ज्या खुर्चीत बसायचा तिला त्याच्याच अंगाचा खड्डा पडला होता. कोलोनिया ब्राइदा गावच्या टेलिफोन सहकारी संस्थेत त्याची एकतीस वर्षं गेली. आधी तो खांबांवर चढायचा. मग गुडघ्यांनी संप पुकारला, तेव्हा त्याला आत स्क्रीनसमोर बसवलं. गावातले आणि भोवतालच्या शेतांवरचे सगळे टॉवर, सर्व्हर, घरोघरचे राउटर त्या स्क्रीनवर ठिपके होऊन दिसत. चालू असेल तो हिरवा. बंद पडला की लाल, आणि लाल झाला की टेबलावरची घंटी कोकलायची. मग नेल्सोनं बघायचं, काय बिघडलंय ते ओळखायचं आणि कुणाला तरी तिकडे पिटाळायचं. ऐकायला सोपं वाटतं. पण न वाजणाऱ्या घंटीकडे कान लावून दिवसचे दिवस काढायचे म्हणजे त्यालाही जातीचा माणूस लागतो, आणि नेल्सो तसा होता.

मे महिन्याच्या अखेरीला, इकडची थंडी सुरू होते तेव्हा, हा स्क्रीन बंद होणार होता. संस्था एका मोठ्या कंपनीत विलीन झाली होती, आणि इथल्या ठिपक्यांवर आता दूर रोसारियो शहरात बसून कुणीतरी नजर ठेवणार होतं. नेल्सोला शेवटचं काम दिलं गेलं ते असं, की इथे वापरात असलेल्या शब्दांची यादी करून द्यायची, म्हणजे तिकडच्या लोकांना जुन्या नोंदी कळतील. मॅनेजर म्हणाला होता, "दोन पानं खूप झाली." नेल्सोनं चौकटीची जाड वही आणली आणि ती भरायलाच घेतली.

त्याच्या शेजारच्या खुर्चीत येसिका ओहेदा बसायची. पंचविशीची, तोंडाळ, कामाला चोख. नेल्सो लिहायचा आणि ही 'माते' नावाच्या कडू चहाचा पेला हातात धरून मोठ्यांदा वाचायची.

"'फडफड. जो ठिपका सारखा लाल-हिरवा होतो तो. खोकणारा म्हातारा समजावा. लगेच डॉक्टर बोलावू नये, पण खोकला अचानक थांबला तर बघायला जावं.' अहो ब्रुसा, रोसारियोवाले हे वाचून वेडे होतील."

"होऊ देत. शहाणे असते तर आपल्याला कशाला घेतलं असतं?"

"'गोळाबेरीज. एकच तक्रार शंभरदा आली तर एकदाच लिहायची आणि पुढे शंभर आकडा टाकायचा. उदाहरणार्थ, माझी शेजारीण.'" येसिका खिदळली. "हे खोडा बाई. ती वाचेल एखाद दिवशी."

"वाचेल आणि शंभरदा सांगेल."

"'ठोका. प्रत्येक यंत्र दर मिनिटाला कळवतं, मी आहे. दुसरं काही सांगत नाही. ठोका आला नाही तर समजावं, काहीतरी झालंय.' आणि आला तर?"

"आला तर काय? सगळं ठीक."

"तसं लिहा की मग."

नेल्सोनं तसं लिहिलं. पुढचा शब्द होता पोच. येसिका वाचू लागली. "'पोच. अलार्म दिसला एवढंच म्हणणं. पोच दिली की घंटी थांबते, बिघाड थांबत नाही. काम पुरं झाल्यावर मिटलं असं वेगळं लिहावं. या दोहोंत गफलत करणाऱ्याला या खुर्चीत बसवू नये.' बाप रे! एवढे का तापलात?"

नेल्सो हसला नाही. त्यानं वही ओढून घेतली.

त्याचा थोरला भाऊ एल्विओ गावापासून अठरा किलोमीटरवर, बापाच्या जुन्या दूधफार्मवर एकटाच राहायचा. गाई कधीच विकल्या होत्या. उरल्या होत्या कोंबड्या आणि एक कुत्रा. अकरा वर्षांपूर्वी आई तिथे आजारी होती. एल्विओनं ऑफिसात फोन केला, "आईचं काही खरं नाही. ये." नेल्सो म्हणाला, "कळलं." त्याच दुपारी वादळानं मुख्य केबल तोडली, सगळा स्क्रीन लालेलाल झाला, आणि नेल्सो दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत खुर्चीतून उठला नाही. आई आदल्या संध्याकाळीच गेली होती.

कबरस्तानाच्या फाटकाशी एल्विओनं त्याला अडवलं. "कळलं म्हणालास तू. तुला पोच द्यायला येते रे, यायला येत नाही."

नेल्सोनं गप्प बसायचं की नाही? पण ब्रुसांच्या घरात गप्प बसण्याचं औषध कुणाला मिळालेलंच नव्हतं. तो म्हणाला, "येऊन काय केलं असतं? मी काय डॉक्टर आहे?" त्यानंतर भावाभावांत एक शब्द झाला नाही.

चार वर्षांपूर्वी एल्विओनं इंटरनेट घेतलं, आणि फार्मवरचा फोनही त्यावरच आला. टॉवरच्या यादीत त्याचा नंबर चौदा. पहिल्याच आठवड्यात नेल्सोच्या लक्षात आलं की हा ठिपका रोज दुपारी एकच्या ठोक्याला लाल होतो आणि चारला हिरवा. एल्विओ वामकुक्षीआधी राउटरची पिन उपटत होता. झोपेत फोन वाजलेला त्याला खपत नसे, आणि दुपारच्या झोपेसाठी एल्विओनं पोपलाही दारात ताटकळत ठेवलं असतं. पण रोज एक वाजता घंटी कोकलायला लागल्यावर ऑफिसातल्या सगळ्यांचं डोकं फिरलं. तेव्हा नेल्सोनं चौदा नंबरला एक ते चार मूक वेळ लावून दिली. वहीत त्याची नोंद अशी होती: "मूक वेळ. ठिपका लाल होणार हे आधीच ठाऊक असतं, तेवढ्यापुरती घंटी बांधून ठेवणं. डोळे बांधू नयेत."

डोळे त्यानं बांधले नव्हते. एक वाजला की हातातलं सँडविच खाली ठेवून तो चौदा नंबर बघायचा. लाल. झोपला. चार वाजता हिरवा. उठला. चार वर्षं रोज दोनदा. कुणी विचारलं असतं, भावाशी बोलणं आहे का, तर नेल्सो आहेच म्हणाला असता, आणि ते खोटं आहे असं त्याला वाटलंही नसतं.

आता स्क्रीनच जाणार होता. मग एल्विओ आहे की गेला, हे त्याला कळणार तरी कसं? म्हणून तो येसिकाला सारखा सांगायचा, "या रविवारी जातो मी फार्मवर. मिटवून टाकतो."

"तुमच्या रविवारांचं कॅलेंडर कुठे छापून मिळतं हो?" येसिका विचारायची. "आमच्याकडचे रविवार येऊन जातात."

शेवटच्या आधीच्या आठवड्यात मंगळवारी एक वाजला, आणि चौदा नंबर लाल झाला नाही.

नेल्सो बघत राहिला. सव्वा वाजला, दोन वाजले. ठोके नियमानं येत होते, हिरवा तो हिरवाच.

"चौदा नंबर आज झोपला नाही वाटतं," येसिका म्हणाली.

"झोपलाय," नेल्सो म्हणाला, आणि त्याचा चेहरा असा उजळला की ती बघतच राहिली. "झोपलाय, पण पिन काढली नाही. फोन चालू ठेवलाय त्यानं. ऑफिस बंद होतंय ते त्याच्या कानावर गेलं असणार. म्हणजे कुणी फोन केला तर..."

"मग करा ना फोन! बसलात काय?"

"फोनवर नाही. एकदा फोनवरच कळलं म्हणालो होतो. आता जाऊन तोंड दाखवीन."

"तर मग आत्ता जा."

"हात हलवत जाऊ? बान्या काउदा करायचा म्हणतोय. थंडीही पडलीय."

आईच्या हातचा तो पदार्थ. लसूण आणि खारवलेले अँचोवी मासे साईत कढवायचे, मधोमध एकच भांडं ठेवायचं आणि सगळ्यांनी त्यात भाज्या बुडवून खायचं. भांडलेल्या माणसांना तो खाता येत नाही, हात एकमेकांना लागतात. बुधवारी ठिपका हिरवा होता. गुरुवारीही हिरवा. नेल्सोनं गुरुवारी चांगले अँचोवी शोधायला तीन दुकानं पालथी घातली, दाढी करून घेतली, आणि वहीत एक ओळसुद्धा लिहिली नाही. तो शीळ घालत होता. एकतीस वर्षांत त्याची शीळ ऑफिसात कुणी ऐकली नव्हती.

शुक्रवारी सकाळी नऊला तो पिकअप घेऊन निघाला.

फाटकाशी कुत्रा भुंकला, पण घसा बसलेला. कोंबड्या चाकांच्या मागेच लागल्या, दाणे न मिळाल्यासारख्या. नेल्सोला तेव्हाच कळायला हवं होतं. पण तो पिशवी सांभाळत उतरला आणि दारातूनच ओरडला, "एल्विओ! भांडं काढ मोठं!"

एल्विओ स्वयंपाकघरात जमिनीवर होता. खुर्चीवरची उशी त्यानं ओढून डोक्याखाली घेतली होती. टेबलावर 'माते' चहाचा पेला तसाच, वर बुरशी आलेली. आणि त्याच्या डोक्यावर, पडल्या जागेवरून हात पुरणार नाही इतक्या उंच फळीवर, राउटरचा हिरवा दिवा लुकलुकत होता.

नेल्सोच्या हातून पिशवी पडली. तो खाली बसला आणि भावाचा हात हातात घेतला. अकरा वर्षांत पहिल्यांदा.

शेजारच्या फार्मवरची देल्मिरा त्याची हाक ऐकून धावत आली, तिनंच डॉक्टरला बोलावलं. डॉक्टर तरुण होता, त्याला खोटं बोलायची सवय लागलेली नव्हती. "झटका मंगळवारी सकाळीच आला असावा," तो म्हणाला. "पण लगेच गेले नाहीत. उशी ओढून घेतलीय, कूस बदललीय. बुधवारपर्यंत होते बहुतेक."

"बुधवारी मी लसूण सोलत होतो," नेल्सो म्हणाला. डॉक्टरला काही कळलं नाही.

देल्मिरा दारात उभी राहून एप्रनला डोळे पुसत होती. ती महिन्याभरानं मुलीकडून काल रात्रीच परतली होती, नाहीतर रोज एक फेरी व्हायची तिची. "मी एकदा विचारलं होतं त्याला," ती म्हणाली. "म्हटलं, एल्विओ, रोज ती पिन काय उपटतोस, घंटी नको असेल तर फोन बाजूला काढून ठेव की. तर म्हणाला, 'फोनचं पहिल्यांदा होतं गं. आता तिकडे गावात एकजण बसलेला असतो बघत. पिन काढली की त्याला कळतं, म्हातारा धड आहे, झोपला. ज्या दिवशी काढली जाणार नाही ना, त्या दिवशी बघ, येईल धावत.'"

नेल्सोनं भावाच्या डोक्याखालची उशी सरळ केली.

"मला वाटलं होतं तुम्हाला ठाऊक असेल," ती म्हणाली. "तो तर अगदी खात्रीनं बोलला होता."

ठाऊक! आयुष्यभर लाल ठिपक्यांमागे धावलेल्या माणसाला हिरव्याची भीती कुणी शिकवली नव्हती, आणि त्यानं स्वतः लिहिलेल्या वहीत तर साफ लिहिलं होतं की ठोका आला म्हणजे सगळं ठीक. एल्विओ दीड दिवस त्या दिव्याखाली दाराकडे तोंड करून पडला होता. त्यानं वाट बघितली असणार. सुरुवातीला तर रागही आला नसेल त्याला, येतोच आहे म्हणाला असेल मनात.

डॉक्टर कागद करायला गाडीकडे गेला. देल्मिरा चादर शोधायला आतल्या खोलीत गेली. नेल्सो टेबलाला धरून उठला, फळीकडे हात नेला आणि पिन उपटली. दिवा विझला. घड्याळात अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती, मूक वेळ सुरू व्हायला अजून अवकाश होता.

मिनिटभरात त्याच्या खिशातला फोन वाजला. येसिका होती, आणि तिच्या मागे ऑफिसातली घंटी कोकलत होती.

"अहो ब्रुसा, चौदा नंबर लाल झालाय!" ती हसत होती. "पोचलात ना? दोघा भावांनी मिळून वायर तोडली की काय? मी पोच देते, की तुम्ही तिथेच आहात तर सरळ मिटलं लिहू?"

"मिटलं लिहू नकोस."

"बरं. मग पोच देते." घंटी वाजतच होती. "नेल्सो? ऐकताय ना? काय झालं?"

तो भावाशेजारी जमिनीवर बसला. फोन कानाशी तसाच होता.

"पोचही देऊ नकोस, येसिका," तो म्हणाला. "वाजू दे."