टायरातली लाल खडी

नातवाच्या सायकलीच्या टायरात आज लाल खडी दिसली आणि तंजावुरातला माझा जुना संशय आठवला.

साठ-एकसष्ट साल असेल. मी पुण्याहून आलेली नवी सून. यांच्या कचेरीचा रस्ता डांबरी, तरी दर शुक्रवारी सायकलीच्या टायरात कालव्याकाठची ओली लाल खडी असायची, भातशेतातल्या चिखलाचा वास यायचा.

शेवटी विचारलंच, "जाता कुठं?"

"तिरुवैयारूला. मास्तरांकडं देवनागरी शिकतों."

सासरी सगळे मराठी बोलत, पण लिहीत तमिळमध्ये.

"कशाला?"

"तूं तुझ्या आईला माझ्याविषयीं काय लिहितेस, तें वाचाया."

संशय दोघांनाही होता, हे आता कळतं. यांनी त्यापायी निदान मैलोगणती सायकल हाणली.

तेव्हा मात्र मला हसू आलं, तोच यांनी टेबलावरचं माझं अर्धं पत्र उचललं आणि एकेक अक्षर लावत वाचलं,

"यां-चं... बा-हे-र... कु-णी-त-री... आ-हे."