ज्या हाकेला ओ आली

हे सांगण्याआधी गोदूआत्याचं नाव घेतलं पाहिजे. कल्याणला लोकांकडे पोळ्या लाटून तिनं मला बी.ए. केलं, आमच्या घराण्यात पदवी घेतलेला मी पहिलाच. भुताखेतांवर माझा कधी विश्वास नव्हता... आता आहे का, ते मला सांगता येणार नाही.

माझी आई – लक्ष्मी – मला कळायला लागायच्या आतच गेली. ठाण्याला, वेड्यांच्या इस्पितळात. घरात तिचा विषय निघत नसे. आत्या एवढंच म्हणे, "तिला भास व्हायचे रे." हा आजार रक्तातून उतरतो असं मी कॉलेजात कुठेतरी वाचलं होतं. त्यामुळे मुलगी झाली, सुमन, तेव्हा पेढे वाटतानासुद्धा मनात धाकधूक होती.

पन्नास सालानंतरची ही गोष्ट. डोंबिवलीत, कोपरकडे जाणाऱ्या वाटेवर आम्ही दोन खोल्यांत राहत होतो; मागे भातखाचरं. सुमन दुसरीत होती. हळूहळू तिनं खेळायला जाणं सोडलं. झोप उडाली. चालता चालता थांबून कान देई, आपल्याशीच हसे. मैत्रिणी दारातून चिडवायच्या, "सुमे, तुझी ती आली का गं?"... मग त्याही येईनाशा झाल्या.

शेजारच्या काकू बायकोला म्हणाल्या, "हे बाहेरचं आहे गं. मीठ-मोहऱ्या ओवाळून टाक, आणि नवऱ्याच्या पुस्तकांचं काही ऐकू नकोस."

मी सुमनला ठाण्याला डॉक्टरांकडे नेलं. आईचं सगळं सांगितलं. ते म्हणाले, "आजीला होतं म्हणून नातीला होईलच असं नाही. पण लक्ष ठेवा. ओरडू नका. काय ऐकू येतं, ते तिलाच विचारा."

दुपारी जेवताना विचारलं. ती भिंतीजवळच्या मोकळ्या जागेकडे बघत होती.

"वेणू बसलीय, अण्णा. म्हणते, मला कुणी हाकच मारत नाही."

वेणू नावाचं आमच्या ओळखीत कुणीच नव्हतं.

पुढच्या रविवारी कल्याणला जाऊन आत्याला हे सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. हात थांबला.

"हे नाव तुला कुणी सांगितलं, सदा?"

"सुमननं."

"तुझ्या आईचं माहेरचं नाव ते. लग्नात तांदळांत 'लक्ष्मी' लिहिलं, तेव्हापासून आमच्या घरात कुणी उच्चारलं नाही." तांदूळ बाजूला सारून म्हणाली, "आजारात लक्ष्मी म्हटलं की ती वळूनही बघायची नाही. आम्हाला वाटलं, वेड वाढलं. वेणू म्हणून एकदा हाक मारून बघावी, हे कुणाला सुचलंच नाही रे. सासरी कोण मारतं माहेरच्या नावानं हाक?"

आईच्या माहेरचं कुणी उरलेलं नव्हतं. ते नाव मलाच ठाऊक नव्हतं – मग सुमनला कुठून कळलं? खुलासा तेव्हा नव्हता, आजही नाही. सुमन बरीचशी बरी असते; डॉक्टरांकडे जाणं चालू आहे.

त्या रविवारनंतर मी आत्याला एक पत्र धाडलं होतं. कार्ड सगळेच वाचतात, म्हणून बंद पाकिटातून. ती गेल्यावर तिच्या पेटीत ते मला मिळालं.

"ती. गं. भा. आत्यास,
सदाचा साष्टांग नमस्कार.

काल दुपारी सुमनच्या शेजारी आणखी एक पाट मांडला, ताट वाढलं. सुमनची आई बाहेर गेली होती. मी हाक मारली – वेणू. सुमन किती दिवसांनी मोकळी हसली. म्हणाली, 'अण्णा, तिनं ओ दिली.'

डॉक्टर पुढे काहीही सांगोत, सुमनला मी कुठे एकटं ठेवणार नाही. आईसारखं पोरीचं होऊ देणार नाही.

पण एक गोष्ट डॉक्टरांना सांगायचा धीर होत नाही, सुमनच्या आईलाही नाही. तू मला वाढवलंस, म्हणून फक्त तुला लिहितो. सुमननं सांगायच्या आधीच ती ओ मला ऐकू आली होती.

तुझा,
सदा"